मामाजी, गाडीचं ऑइल वाढून राह्यलं

नांदुरा
९ सप्टेंबर २०२४

ती. मामाजींना नागसेनचा सविनय जय भीम.

तुमच्याशी फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहायला बसलो. मागे लोणारला आलो होतो तेव्हा तुम्ही म्हणाला होता, 'माह्या कानात आता काहीच शिरत नाही, मोबाइलवरचे अक्षरं बोट लावलं की पळतात. काही विचाराचं असलं तर पोस्टानं विचारत जा.' शाळा सुटल्यापासून मी कोणाला पत्र लिहिलं नाही. चुका होतील, समजून घ्या.

गाडीचं विचारायचं आहे. तुमचा जन्म ट्रकवर गेला, म्हणून तुमच्याशिवाय दुसरं नाव डोळ्यापुढे आलं नाही. नवीन गाडी घेऊन दीड वर्ष होत आलं. ओढायला चांगली आहे. पण पोळ्याच्या आधीपासून एक वेगळंच दिसतं. सकाळी इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी काढून पाहतो, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलेलं. मी घातलेलं नाही. दुसऱ्या कोणाच्या हातात गाडी देत नाही. ऑइल जळतं, गळतं, कमी होतं, हे मी पाहिलं आहे. आपोआप वाढलेलं कधी पाहिलं नाही.

मालधक्क्यावरचे बाकीचे ड्रायव्हर हसतात. म्हणतात, 'बढिया आहे न बे, तुले ऑइल विकत घ्याचं कामच नाही.' मला मात्र झोप लागत नाही. माझं सगळं या गाडीवरच आहे.

गाडी सध्या गावातच असते. रेल्वेच्या मालगाडीची रेक लागली की मालधक्क्यावरून खताची पोती भरायची, गोदामात टाकायची, पुन्हा धक्क्यावर.

काय असेल ते कळवा. बाकी इकडे सर्व ठीक. तब्येतीला जपा.

तुमचा,
नागसेन


लोणार
१६ सप्टेंबर २०२४

चि. नागसेन जावईबापू यांस जानरावचा जय भीम.

तुमचं पत्र पोस्टमननं हातात दिलं तवा म्या दोनदा नाव वाचलं. मले आता विजेच्या बिलाशिवाय काही येत नाही.

ऑइल आपोआप वाढत नसते. त्यात दुसरं काहीतरी जाऊन राह्यलं. एक तर पाणी, नाही तर डिझेल. पट्टीवरचं ऑइल बोटावर घ्या. दुधाच्या चहासारखा रंग झाला असंल तर पाणी समजा. काळंच असंल पण पातळ झालं असंल, बोटावरून लवकर घसरत असंल, अन् वास घेतला तर डिझेलचा येत असंल, तर डिझेल. एक थेंब वर्तमानपत्रावर टाकून पाहा. मधात काळा डाग अन् भोवताल पिवळी कडा लांब पसरली की समजाचं.

डिझेल असलं तर पंपाचं सील गेलं असंल किंवा डिझेल फवारणारा एखादा नोजल गळत असंल. आमच्या टायमाले हेच दोन कारणं होते. नोजल काढून तपासून घ्या. तोवर जास्तीचं ऑइल खालून काढून टाका, खुणेवर आणा अन् गाडी चालवा. काही होत नाही.

मी इकडे बरा आहे. सकाळी दूध, मग अंघोळ, मग विहारात झाडझूड. दुपारी स्टँडजवळच्या बाकड्यावर मानसं बसतात तिथं जाऊन बसतो. ते हसले की मी हसतो. पण मले उशिरा समजते, त्यायचं हसणं संपेल असते अन् माहं चालू असते. म्हणून आता कमी जातो.

मंजूचं पत्र बरेच दिवसांत नाही. आधी तिच्या ओळी येत होत्या. तिले सांगा, वेगळं लिहाले टाइम नसंल तर तुमच्या पत्राखाली दोन ओळी टाकत जा.

तुमचा,
जानराव गवई


नांदुरा
३० सप्टेंबर २०२४

ती. मामाजींना जय भीम.

तुम्ही सांगितलं तसं केलं. रंग काळाच आहे, पण ऑइल पाण्यासारखं पातळ. वास डिझेलचा. वर्तमानपत्रावर थेंब टाकला, तर पिवळी कडा आख्ख्या बातमीवर पसरली.

जास्तीचं काढून टाकलं. मग हरिओम मिस्त्रीला दाखवलं. त्याचं गॅरेज स्टेशन रोडला आहे, माणूस चोख आहे. त्यानं चारही नोजल काढून मशीनवर लावले. एकही गळत नाही. पंपही चांगला. तो म्हणाला, 'नागसेनभाऊ, मले जे पाहता येते ते म्या पाह्यलं. या नवीन गाड्यायच्या पोटात कॉम्प्युटर आहे, तो काय करून राह्यला ते मले दिसत नाही. तुमी कंपनीच्या वर्कशॉपात न्या.' आणि अजून एक म्हणाला, की पातळ ऑइल काढून उरलेल्यावर गाडी चालवू नका. जे उरलं तेही पातळच आहे, त्यानं बेअरिंग खाल्लं जाईल.

हे तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही सांगितलेलं डिझेलचं बरोबर निघालं. फक्त ते येतं कुठून हे समजत नाही. आठ दिवसांत पुन्हा खुणेच्या वर गेलं.

मंजुश्री कामात असते. ती मजेत आहे. पुढच्या वेळी लिहील.

तुमचा,
नागसेन


लोणार
७ ऑक्टोबर २०२४

चि. नागसेन जावईबापू यांस जय भीम.

हरिओमचं बरोबर आहे. माह्या काळचं इंजिन वेगळं होतं, त्याले पातळ-जाड समजत नव्हतं. तुमी माहं ऐकून गाडी चालवली अन् काही बिघडलं तर मी कोणाले तोंड दाखवू. वर्कशॉपात न्या.

पण मले एक समजून राह्यलं नाही. तुमी आधी सुरतले जात होते, नागपूरले जात होते, आठ-आठ दिवस गाडीवर राहत होते. एवढी मोठी गाडी घेतली अन् ती मालधक्का ते गोदाम चालवता. तेवढ्या कामाले जुनी गाडीही पुरत होती. लांबचा माल काऊन घेत नाही? कोणासंग भांडण झालं काय?

शनिवारी धम्मचक्र दिन आहे. यंदा माह्यानं नागपूरले जाणं होत नाही. तुमी दोघं इकडेच या. वंदना घेऊ, जेवू. मंजूले येसरचं कालवण आवडते, ते शेजारच्या अर्पितानं करून देतो म्हटलं. मी तिले विचारलं अन् तिनं मान हालवली, म्हणजे हाव म्हणली असंल.

वाट पाहतो.

जानराव


नांदुरा
१९ ऑक्टोबर २०२४

ती. मामाजींना जय भीम.

मागच्या शनिवारी येणं झालं नाही, माफ करा. रेक लागली होती. तुम्ही जेवायचे थांबला असाल.

गाडी अकोल्याला वर्कशॉपात नेऊन आणली. तिथल्या इंजिनिअर मुलीनं कॉम्प्युटर लावून सगळं उलगडून सांगितलं, ते तुम्हाला सांगतो. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धुराची काजळी अडवायची एक जाळी असते. जाळी भरत आली की गाडी ती काजळी स्वतःच जाळून टाकते. त्यासाठी सायलेन्सर चांगला तापावा लागतो, म्हणून इंजिन थोडं जास्तीचं डिझेल सोडतं. गाडी रस्त्यावर लांब, एका वेगानं चालत असली तर हे काम आपल्याला न कळता उरकून जातं. पण गाडी थोडीशी चालली आणि बंद झाली, की काम अर्धवट राहतं. पुढच्या वेळी पुन्हा सुरुवात, पुन्हा अर्धवट. ते न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. कुठेच गळती नाही, मामाजी. काहीच तुटलेलं नाही. गाडी रोज तेच काम सुरू करते आणि रोज ते मधेच राहून जातं.

ऑइल, फिल्टर सगळं बदललं. गाडी उभी ठेवून मशीननं जाळी साफ करून दिली. बेअरिंग वाचलं आहे असं म्हणाली, पण पुन्हा असं झालं तर वॉरंटीत बसणार नाही.

मग तिनं कॉम्प्युटरवर बोट ठेवून विचारलं, 'दादा, गाडी चालते त्याच्यापेक्षा उभी राहून इंजिन चालू असायचा वेळ जास्त आहे. असं का?' मी म्हणालो, 'नंबर लागेपर्यंत थांबावं लागते.' ती म्हणाली, 'मग बंद करून थांबा न.' मी हो म्हणालो.

लांबचा माल घेत नाही कारण घरी राहायचं ठरवलं आहे. भांडण कोणाशी नाही.

येसरचं मंजुश्रीला सांगितलं. तिनं तुम्हाला जय भीम सांगितला आहे.

तुमचा,
नागसेन


लोणार
६ नोव्हेंबर २०२४

नागसेन,

मी परवा नांदुऱ्याले येऊन गेलो. तुमाले माहीत नाही.

धम्मचक्र दिनाले तुमी आले नाही, दिवाळीत कोणी आलं नाही, मंजूची एक ओळ नाही. मले वाटलं पोरगी बिमार आहे अन् मह्यापासून लपवून राह्यले. म्हणून मेहकरची गाडी धरली, मग खामगाव, मग नांदुरा. कंडक्टरच्या हातात कागदच देत होतो, त्यावर गावाचं नाव लिहेल होतं.

तुमच्या घराले कुलूप. अंगणात तारेवर एकच शर्ट. शेजारच्या संजीवनीबाई बाहेर आल्या, लय बोलल्या, मले काही समजलं नाही. मग त्यायनं कागद आणला अन् लिहून दिलं, ताई आषाढातच पुण्याले गेल्या, तिथं दवाखान्यात नोकरी करतात, भाऊ एकटेच असतात. म्या तो कागद दोनदा वाचला. त्यायनं पाणी आणून दिलं.

मग विचारत विचारत मालधक्क्यावर आलो. रेक लागेल नव्हती. पूर्ण धक्का मोकळा, एक कुत्रं अन् शेवटी तुमची गाडी. काचा वर. मले इंजिन ऐकू येत नाही, पण दारावर हात ठेवला तर हाताले थरथर लागली. म्हणजे चालू होतं. पायरीवर चढून पाह्यलं. तुमी मागच्या बाकावर झोपेल होते, पाय पोटाशी घेऊन. भर दुपारी.

म्या काच ठोकाले हात वर नेला अन् खाली घेतला. तुमी जागे झाले असते तर बोलले असते. मले ते ऐकू आलं नसतं. तुमचं तोंड हालताना पाहत उभं राहाची माही तयारी नव्हती. म्हणून उतरलो अन् स्टँडवर गेलो.

मी तुमाले बोल लावाले लिहीत नाही. पण आता मले खरं लिहा. जे तोंडानं सांगता आलं नसतं ते लिहा.

जानराव


नांदुरा
१२ नोव्हेंबर २०२४

ती. मामाजी,

तुमचं पत्र वाचून मी धक्क्यावर गेलो आणि गाडीच्या दारासमोर उभा राहिलो. तुम्ही तिथे उभे होता आणि मी आत झोपलो होतो, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

खरं लिहितो.

मी सुरत-नागपूर करायचो तेव्हा रोज जेवणाच्या वेळी ढाब्यावरून मंजुश्रीला फोन करायचो. तासतासभर बोलायचो. कोणता घाट लागला, भाजीत मीठ किती होतं, कोण भेटलं, काहीही. ती हसायची. ती म्हणायची, आता पुरे झालं, घरी राहा. मलाही ते पटलं. नवीन गाडी घेतली आणि ठरवलं, नांदुऱ्यातलंच काम करायचं, रोज घरी यायचं. तिला तसा शब्द दिला.

रोज घरी यायला लागलो आणि बोलणं बंद झालं. मामाजी, का ते मला आजही सांगता येत नाही. दिवसभर पोती आणि गोदाम, त्यातलं सांगण्यासारखं काय असतं. जेवायचो, मोबाइल पाहायचो, झोपायचो. ती काही विचारायची, मी हो-नाही म्हणायचो. ती काही दिवस भांडली, मग तिनंही विचारणं सोडलं. वर्षभर असं चाललं. एक दिवस ती म्हणाली, 'तुमी लांब होते तवा मले नवरा होता. आता घरात पाहुणा येते.' आवाज चढवून नाही म्हणाली. पोळ्या लाटता लाटता म्हणाली. तिच्या मैत्रिणीनं पुण्यात नोकरीचं पाहिलं होतं. मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी येईपर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो आणि तेव्हासुद्धा मी तिला, पाण्याची बाटली घेतली का, एवढंच विचारलं.

ती गेल्यावर मी लांबचा माल घ्यायला मोकळा होतो. घेतला नाही. रोज घरी यायचा शब्द दिला होता, तो मोडला आणि नेमकी त्याच दिवशी ती परत आली तर, असं वाटत राहिलं. पण संध्याकाळी घरी गेलो की घर इतकं शांत असतं की भांडं खाली ठेवलं तरी दचकायला होतं. म्हणून गाडीत बसतो. इंजिन चालू असलं की जवळ कोणीतरी आहे असं वाटतं. डिझेल जळतं, ऑइल खराब होतं, सगळं कळत होतं. बंद करायला हात जायचा नाही.

तुम्हाला खोटं लिहिलं, कारण तुम्हाला कळलं असतं तर सगळं खरं झालं असतं. आणि तुम्हाला जशी फक्त माझीच पत्रं यायची तशी मलाही फक्त तुमचीच यायची, ती थांबतील अशी भीती होती.

काल मंजुश्रीला फोन केला. तुम्हाला सगळं समजलं, असं सांगितलं. तिनं तुमची तब्येत विचारली. मग म्हणाली, 'बाबाले म्या सांगाले पाहिजे होतं. मी जाते त्यायच्याकडे.'

नागसेन


लोणार
२१ नोव्हेंबर २०२४

चि. नागसेन यांस जय भीम.

मंजू येऊन गेली. दोन दिवस राह्यली. ती पाटीवर लिहायची अन् मी बोलायचो. पाटी तिनंच आणली होती, जाताना इथंच ठेवून गेली. पहिल्या दिवशी ती लिहायची अन् रडायची, खडू भिजला. दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाक केला, घर झाडलं, मह्या डोक्याले तेल लावलं.

म्या तिले एकच विचारलं, परत जाशील काय. तिनं लिहिलं, 'नाही बाबा. ते वाईट नाहीत. पण मी तिथं मुकी झाली होती.' मग म्या पुन्हा विचारलं नाही. ती माही पोरगी आहे. मुकं राहणं काय असते ते मले माहीत आहे, मी त्याच्याच दुसऱ्या बाजूले राहून राह्यलो. तुमी चुकले असंही म्या तिच्यापुढे म्हटलं नाही अन् ती चुकली असंही नाही. पुण्याले ती बरी दिसते. अंगानं भरली आहे.

ती गेल्यावर मले एक भेव वाटलं, ते लिहितो. वाटलं, आता नागसेन मले पत्र काऊन लिहीन? कोणत्या नात्यानं? जावई म्हणून लिहीत होते, ते तर राह्यलं नाही. तीन दिवस मी पोस्टमनच्या टायमाले दारात बसलो. त्याच्याजवळ काही नव्हतं, अन् असाले कारणही नव्हतं, कारण उत्तर देणं माह्याकडे बाकी होतं. मले एवढंही सुचलं नाही.

तर हे उत्तर आहे. गाडीचं लिहीत जा. बाकी लिहिलं नाही तरी चालते.

अन् गाडीले आता रस्त्यावर काढा. त्या इंजिनिअर पोरीनं सांगतलं ते बरोबर आहे. घरी कोणी वाट पाहत नाही तर घरी राहून काय करता? हे मी रागानं म्हणत नाही, मीही अशाच घरात राहतो म्हणून म्हणतो.

लांबचा माल भेटला अन् रस्ता इकडून असला तर मले घेऊन जा. माहं वजन जास्त नाही. गिअरले हात लावणार नाही, सल्ला देणार नाही. माहा सल्ला चुकते हे आपण पाह्यलं. नुसता बाजूले बसीन.

जानराव


नांदुरा
२९ नोव्हेंबर २०२४

ती. मामाजींना नागसेनचा जय भीम.

कोणत्या नात्यानं लिहितो ते मलाही माहीत नाही. पण कागद घेतला की वर 'मामाजी' हेच येतं, दुसरं काही लिहून पाहिलं नाही.

गाडीचं आधी सांगतो. मागच्या आठवड्यात नागपूरचा माल घेतला, सोयाबीनच्या ढेपेचा. बाळापूर सोडल्यावर जाळी साफ होत असल्याचा दिवा लागला. मूर्तिजापूरला चहाला थांबणार होतो, थांबलो नाही, एका वेगानं चालवत राहिलो. बडनेऱ्याच्या अलीकडे दिवा आपोआप विझला. परत आल्यावर गाडी थंड होऊ दिली, पट्टी काढून पाहिली. ऑइल खुणेवर आहे. बोटावर घेतलं तर जाड लागलं, वास नाही. हरिओमलाही दाखवलं. त्यानं पट्टी पुसून परत खोचली आणि एवढंच म्हणाला, 'जाऊ द्या आता गाडी.'

नागपूरला जेवताना मोबाइल काढला आणि मंजुश्रीचं नाव पाहिलं. लावला नाही. तिला पुन्हा तशी सवय लावायची की नाही ते मला ठरवता येत नाही. वरण-भात खाल्ला आणि निघालो. एकट्यानं जेवणं ढाब्यावर जमतं, तिथं सगळेच एकटे जेवत असतात.

आता खामगावहून कापसाच्या गाठी भेटल्या आहेत, कोइमतूरपर्यंत. जायला-यायला बरेच दिवस लागतील. मेहकरवरून लोणार, मग जिंतूर, नांदेड असा रस्ता धरणार आहे. मागचा बाक तुमच्यासाठी झाडून ठेवला, चादर नवीन घेतली. गोळ्या, स्वेटर आणि तुमची ती पाटी सोबत घ्या. बोलायचं मला अजून जमत नाही, पण लिहायला हात बसला आहे. थांबल्यावर लिहीत जाईन.

पुढच्या रविवारी, ८ डिसेंबरला, सकाळी निघतो. गाडी तुमच्या गल्लीत येणार नाही, स्टँडच्या पुढे उभी करावी लागेल. तुम्ही रस्त्यावर येऊन ताटकळू नका. हॉर्न वाजवून तुम्हाला कळणार नाही आणि दार ठोकूनही नाही. कडी काढून दार नुसतं लोटून ठेवा. मी खाली उतरून आत येतो.

तुमचा,
नागसेन